लाईन आणि ओळ

इंग्रजीतून आलेल्या शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच सुरांत होते. एक सूर शोकाचा : मराठी भ्रष्ट झाली, मायबोली परकी झाली. दुसरा बेफिकिरीचा : भाषा ही नदी आहे, तिला कोण अडवणार? हे दोन्ही सूर शब्दाचे कूळ तेवढे पाहतात, त्याचे काम पाहत नाहीत. परका शब्द घरात आल्यावर नेमके काय करतो, कोणाच्या हाताखाली राबतो आणि कोणाला घराबाहेर काढतो, हा खरा प्रश्न आहे. आणि तो केवळ भाषाशुद्धीचा नसून साहित्यविचाराचाही आहे. ‘लाईन’ हा अगदी साधा, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाच्याही तोंडी असलेला शब्द घेऊन तो तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जळगावनजीकचे पिंप्राळा हे एके काळी स्वतंत्र गाव होते. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शहर आणि पिंप्राळा यांच्यामध्ये रेल्वे आहे, आणि या भागात पत्ता सांगायचा तो लाईनीच्या अलीकडे की पलीकडे, असाच सांगितला जातो. ‘लोहमार्ग’ हा शब्द सरकारी फलकावर शोभतो. फाटकाशी ताटकळलेल्या माणसाच्या तोंडी तो कधी आला नाही. पण याच माणसाच्या दिवसभराच्या बोलण्यातून ‘लाईन’ किती रूपांनी डोकावते, ते पाहावे. वीज गेली की लाईन गेलेली असते आणि ती आणायला लाईनमन येतो. पोलिसांची घरे पोलीस लाईनीत असतात. शेतकरी नदीवरून किंवा विहिरीवरून केळीच्या बागेपर्यंत पाईपलाईन आणतो. दहावी झालेल्या मुलाला ‘कोणती लाईन घेतलीस?’ असे विचारतात, आणि बिघडलेला मुलगा पुढेमागे ‘लाईनीवर’ येईल अशी आशा धरतात. कॉलेजच्या कट्ट्यावरची ‘लाईन’ तर सर्वांना ठाऊक आहे; ती सभ्य त्रैमासिकात अधिक उलगडण्याची गरज नाही.

‘लाईन लागली’ एवढेच दोन शब्द घ्या. रेशनच्या दुकानापुढे ते उच्चारले तर माणसे उभी राहिली, असा अर्थ. टेलिफोन कानाशी धरून उच्चारले तर पलीकडच्या माणसाशी जोडणी झाली, असा अर्थ. इंग्रजीत या दोन गोष्टी सांगायला वेगळी क्रियापदे लागतात. मराठीने मात्र आपले ‘लागणे’ हे हरकामी क्रियापद त्या शब्दाला जोडले आणि त्याच्याकडून इंग्रजीत नसलेले काम करून घेतले. उसना शब्द घेणारी भाषा दरिद्री असते, हा समज इथेच ढळू लागतो.

त्याचे लिंगही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही. मराठीत ‘लाईन’ स्त्रीलिंगी झाली. ही निवड कोणत्या समितीने केली नाही. ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, वाट : ज्या शब्दांच्या शेजारी ती येऊन बसली, ते सारे स्त्रीलिंगी आहेत. नव्या सुनेने घरच्या रीतीने पदर घ्यावा तसे हे घडले. पुढे ती ‘लाईनीत’, ‘लाईनीला’, ‘लाईनीवरून’ अशी विभक्तीही चालवू लागली. शब्द परका राहिला नाही तो या क्षणी. शब्दकोशात शिरल्यावर नव्हे.

या सुनेचे माहेर शोधू गेलो तर आणखी एक नाते हाती लागते. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘लिनिआ’त आहे आणि ‘लिनिआ’चे मूळ ‘लिनम’ म्हणजे जवस या वनस्पतीत. जवसाच्या धाग्याची ओढलेली दोरी, ती लिनिआ. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच्याच कुळातून हा शब्द निघाला. आपल्याकडेही ‘सूत्र’ म्हणजे मुळात धागा, त्यातूनच आपले ‘सूत’ आले, आणि तेच ‘सूत्र’ म्हणजे नियम, सिद्धान्त, कथानकाचा दुवा. दोन दूरच्या संस्कृतींनी विचाराचे पहिले साधन म्हणून दोरीच निवडली. गवंडी भिंत सरळ यावी म्हणून ‘लाईनदोरी’ लावतो, तेव्हा हे दोन्ही धागे त्याच्या नकळत एकत्र वळले जातात.

इथपर्यंतचा हिशेब जमेचा आहे. पण वही उलटून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्रजीत ‘लाईन’ हा एकच शब्द जिथे जिथे जातो, तिथे मराठीत किती वेगवेगळे शब्द उभे आहेत! पाटीवरची रेघ, तळहातावरची रेषा, मुंग्यांची रांग, उडत्या बगळ्यांची माळ, शेतातली सरी आणि तास, कपाळावरची आठी, गालावरची सुरकुती, केसांतला भांग, कपडे वाळत घालायची दोरी, गवंड्याचा ओळंबा, लढाईतली फळी, घराण्याची वंशवेल, नटाच्या तोंडचे संवाद, जेवणाची पंगत. प्रत्येक शब्दाला स्वतःचा स्पर्श आहे, स्वतःचा प्रसंग आहे. यांतल्या निम्म्या जागी जरी ‘लाईन’ येऊन बसली, तरी भाषा मोडणार नाही. मात्र तिची बोटे बधिर होतील.

तरीही ही यादी नुसत्या हळहळीने वाचू नये. ‘पंगत’ हा शब्दच पाहा. तो गोड आहे, जेवणाचा वास त्याला आहे; पण कोण कोणाच्या पंगतीला बसेल आणि कोणाला बाहेर वाढले जाईल, याचा इतिहासही त्याला चिकटलेला आहे. ‘पंक्तिभेद’ हा शब्द मराठीला उगीच घडवावा लागला नाही. तिकिटाच्या खिडकीपुढच्या लाईनीला असा भूतकाळ नाही. तिथे आधी आला तो पुढे, एवढाच कायदा. ज्यांच्या वाडवडिलांना पंगतीत जागा नव्हती, त्यांना हा कोरा शब्द जवळचा वाटला तर त्यात नवल काय? परका शब्द कधीकधी आपला वाटतो, तो त्याला आपल्या पापांची आठवण नसते म्हणून.

याउलट कवितेच्या प्रांतात ‘लाईन’ आली की तोटा उघड दिसतो. अलीकडे परीक्षणांतही ‘ही लाईन सुंदर आहे’ असे वाक्य आढळते. खानदेशाच्या मातीत हे वाक्य तपासून घेण्यासारखे आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची रचना पुत्र सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवली, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. कागदावर जिची लांबी दिसते ती ओळ बहिणाबाईंनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांचे माप जात्याच्या फेऱ्याचे आणि श्वासाचे होते. म्हणूनच आपल्या परंपरेत ओवीचा आणि अभंगाचा ‘चरण’ असतो : चरण म्हणजे पाऊल. ‘चरण’ चालतो, ‘ओळ’ दिसते, ‘लाईन’ नुसती आखली जाते. हा भेद ज्याच्या कानातून गेला, त्याला बहिणाबाई छापील वाटतील. जात्यावरच्या वाटणार नाहीत.

याच जिल्ह्यात दुसरे उदाहरण आहे, आणि ते आठवताना मन जड होते. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. पुढे तेव्हाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी त्यांना मायेचा आसरा लाभला. ५ मे १९१८ रोजी जळगाव–भुसावळ मार्गावरील भादली येथे रेल्वेगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. इंग्रजीत हा वृत्तान्त लिहायचा झाला तर त्यांनी मागे ठेवलेल्या आणि ज्यांच्यावर त्यांचा अंत झाला अशा, दोन्हींसाठी एकच शब्द वापरण्याचा मोह लेखकाला होईल. मराठीत तो मोह होत नाही. लाईन वेगळी, ओळी वेगळ्या. एकीवर त्यांचे आयुष्य संपले. दुसऱ्या अजून म्हटल्या जातात. दोन शब्द हाताशी असणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

भाषांतरकाराला तर हा प्रश्न रोज भेडसावतो. बायबलच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात स्तोत्रसंहितेत ‘लाईन’ तीन ठिकाणी येते; त्यांतली दोन पाहू. सोळाव्या स्तोत्रात ती जमिनीची वाटणी करणारी मोजणीची दोरी आहे. इंग्रजीवरून मराठी करणारा तिथे ‘ओळ’ लिहील तर अर्थच नाहीसा होईल. एकोणिसाव्या स्तोत्रात आकाशमंडळ देवाचा महिमा सांगते आणि त्याची ‘लाईन’ पृथ्वीभर जाते. मूळ हिब्रू शब्द मोजणीच्या दोरीचा. पण प्राचीन ग्रीक भाषांतराने तिथे नाद ऐकला, लॅटिन व्हल्गेटनेही तोच ठेवला आणि संत पौलाने रोमकरांस लिहिताना तेच वचन आवाज म्हणूनच घेतले. काही अभ्यासकांनी मूळ शब्दात वाद्याची तारही पाहिली आहे. दोरी की नाद, या वादात मराठीजवळ एक सुंदर शब्द तयार आहे : ‘तार’. ती ताणलेली असते आणि वाजतेही. इंग्रजीच्या ‘लाईन’कडे एकटक पाहणाऱ्या भाषांतरकाराला ती सुचणार नाही; घरातले शब्द ज्याने झाडूनपुसून ठेवले आहेत, त्यालाच सुचेल.

तेव्हा निवाडा काय? ‘लाईन’ला हाकलण्याची भाषा व्यर्थ आहे आणि अन्यायाचीही आहे. जिथे तिने नवी वस्तू आणली, नवी जोडणी आणली, भेदरहित उभे राहण्याची एक रीत आणली, तिथे ती मराठीच आहे. पिंप्राळ्यातल्या पात्राच्या तोंडी ‘लोहमार्ग’ घालणारा कथाकार भाषेची सेवा करत नाही, पात्राशी खोटे बोलतो. पण जिथे तिच्या येण्याने रेघ, रांग, चरण, ओळंबा यांतला भेद पुसला जातो, तिथे लेखकाने थांबले पाहिजे. परक्या शब्दाची कसोटी त्याचे कूळ ही नव्हे. त्याच्या येण्याने आपल्याला एक गोष्ट अधिक दिसते की एक कमी, हीच ती कसोटी. ती प्रत्येक वाक्यात नव्याने लावावी लागते, आणि तिचा कंटाळा करणाऱ्याने लेखणी हाती घेऊ नये.