उस्मानियाची मराठी पुस्तकं: स्कॅन झाली, पण सापडतात का?

उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्यापैकी बरेच जण कधी गेले नसतील, पण त्याची चिठ्ठी सगळ्यांच्या ओळखीची आहे. इंटरनेट आर्काइव्हवर एखादं जुनं मराठी पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच ती दिसते. वर विद्यापीठाचं नाव, खाली वर्गांक, दाखलांक, लेखक, ग्रंथनाम, आणि ठरल्या तारखेआधी पुस्तक परत करण्याची सूचना.

ही पुस्तकं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून तिथे आली. २००० नंतर कार्नेगी मेलनचे राज रेड्डी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकारातून दहा लाख पुस्तकांचा जो प्रकल्प उभा राहिला, त्यातली ही भारतातली बाजू. सरकारी संकेतस्थळ पुढे बंद पडलं. आर्काइव्हवर प्रती होत्या म्हणून आपण वाचलो, नाहीतर सगळंच गेलं असतं.

मराठवाड्याच्या अभ्यासकाला हा साठा जवळचा का, तेही सांगायला हवं. १९१८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, पण निजामाच्या राज्यात मराठी जिल्हे होतेच. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आपलं विद्यापीठ म्हणजे उस्मानिया. तिथल्या कपाटात कोणती मराठी पुस्तकं होती, यावरून इथली शिकलेली पिढी काय वाचू शकत होती हे कळतं. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांवरून ते कळणार नाही.

आणि नेमकं इथेच काम कच्चं राहिलंय. नावं रोमन लिपीत, उच्चारचिन्हांशिवाय भरलेली. 'ळ' आणि 'ल' एक झाले, 'ण' आणि 'न' एक झाले. 'इतिहास' एका ठिकाणी एक स्पेलिंग, दुसरीकडे वेगळंच. लेखकाचं आडनाव कुठे आधी, कुठे नंतर, कुठे गायबच. मराठी पुस्तकावर हिंदीचा शिक्का बसलेलाही आढळतो. देवनागरीत शोधायला जावं तर हाती फारसं लागत नाही. गंमत अशी, की त्या चिठ्ठीवर ग्रंथपालाने बऱ्याचदा नाव देवनागरीत स्वच्छ लिहिलेलं असतं! ते समोर असताना नोंद करणाऱ्याने अंदाजाने स्पेलिंग का ठोकावं? दहा लाख हा आकडा एकदा ध्येय झाला की नोंदीकडे बघायला वेळ उरत नाही, असं माझं मत.

स्कॅनिंगही निव्वळ काळं-पांढरं. फाइल हलकी होते, अक्षरं वाचता येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटोंचे काळे डाग झालेत, नि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसट किंवा नाहीशाच. घडीचे नकाशे तर अनेकदा न उलगडताच स्कॅन केलेले. इतिहासाच्या पुस्तकात नकाशाच नसला तर अर्धं पुस्तक गेलं की हो.

तरीही मूळ प्रती पुन्हा स्कॅन होण्याची वाट बघत बसू नये. नोंदी दुरुस्त करायला स्कॅनर लागत नाही, मराठी वाचता येणारी माणसं लागतात. आपल्या मंडळाने मराठवाडा आणि हैदराबादविषयीच्या पुस्तकांपासून सुरुवात करावी. चिठ्ठीवरचा दाखलांक, देवनागरीत ग्रंथनाम आणि लेखक, प्रकाशनाचं साल, आर्काइव्हचा क्रमांक, एवढे रकाने पुरेत. नकाशा अर्धवट असेल तर शेरा लिहावा, म्हणजे मूळ प्रत कुणी बघायला गेलं तर कोणतं पान उघडायचं ते आधीच ठाऊक असेल.