दोन रहस्यकथा

गेल्या महिन्यांत दोन इंग्रजी रहस्यकथा लागोपाठ वाचण्याचा योग आला: अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) आणि विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ (१८६८). पहिलीनें वाचकांस फसविलें, अशी त्या काळीं बरीच ओरड झाली. अपराधी कोण हें सांगून कोणाच्या तोंडचा घास मी काढणार नाहीं. परंतु पुस्तक संपल्यावर मागचीं पानें पुन्हां चाळलीं, तेव्हां लबाडीचें म्हणावें असें एकहि वाक्य हातीं लागलें नाहीं. फसलों तो आपल्याच समजुतीनें. मात्र गांठ सुटली आणि पुस्तकांतील माणसेंहि विरून गेलीं. राहिली ती एकटी डॉक्टर शेपर्डांची चौकस बहीण कॅरोलाइन.

‘मूनस्टोन’चें तसें नाहीं. बेटरेज कारभाऱ्याचें पाल्हाळ अधूनमधून कंटाळा आणतें, हें खरें. पण हिऱ्याचा पहिला चोर कोण, हें कॉलिन्स प्रारंभींच सांगून टाकतात: १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या लुटींत तो बळकावणारा इंग्रज अधिकारी हर्नकासल. पुढें यॉर्कशायरमधील तें घर दुसऱ्या चोराच्या शोधांत कितीहि गुंतो, निदान आपल्याकडील वाचकाच्या मनांतून हा पहिला चोर जात नाहीं.

आणि ती रोझॅना स्पिअरमन! चोरीबद्दल शिक्षा भोगलेली, एक खांदा वर चढलेली, घरच्या पाहुण्यावर मुकाट्यानें जीव लावणारी मोलकरीण. सार्जंट कफसारखा कसलेला पोलीस तिच्या पावलांचे वाळूंतील ठसे अचूक वाचतो. तिचा हेतु मात्र त्याला उमगत नाहीं. तिचें पत्र उघडलें जातें तोंवर फार उशीर झालेला असतो. तें पत्र मीं दोनदां वाचलें. हिरा कोणी नेला, याची त्या वेळीं आठवणहि झाली नाहीं.