सीमावादाच्या दोन कथा

शेजाऱ्याशी बांधावरून होणारे भांडण हा आपल्याकडे कथेचा विषय होण्याच्या कितीतरी आधी धर्मशास्त्राचा विषय झाला होता. मनूने अठरा व्यवहारपदांत सीमावादाला स्थान दिले आणि आठव्या अध्यायात त्याच्या निर्णयाचा विधी सांगितला. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावरी असे वृक्ष लावावेत. जमिनीत दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या पुरून गुप्त खुणा ठेवाव्यात. साक्षीदारांनी तांबडी वस्त्रे नेसून, गळ्यात माळा घालून, मस्तकावर माती घेऊन सीमा दाखवावी. आणि हे ज्येष्ठात, खुणा स्पष्ट दिसत असताना करावे. सीमा कोठे आहे, हे ठरविण्याची शास्त्राने इतकी चिंता वाहिली. परंतु सीमा ठाऊक असूनही माणसे ती का कोरतात, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. तो कथाकाराचा प्रश्न होय. या दृष्टीने दोन युरोपीय कथा शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली गोगोलची. इव्हान इव्हानोविच आणि इव्हान निकिफोरोविच यांच्या भांडणाची ही कथा 1835 साली ‘मिरगोरोद’ या संग्रहात समाविष्ट झाली. दोघे जिवलग शेजारी. एकाला दुसऱ्याची जुनी बंदूक हवीशी वाटते. मोबदल्यात तो एक डुकरीण आणि दोन पोती ओट देऊ करतो. बोलण्यावरून बोलणे वाढते आणि दुसरा त्याला पाळीव हंसाचा नर म्हणतो. आपल्याकडे हंस म्हणजे नीरक्षीरविवेक. तिकडे तीच शिवी ठरते. मग सूडापोटी एकजण शेजाऱ्याच्या हद्दीला लागून हंसांचे खुराडे उभारतो, दुसरा रात्री त्याचे खांब कापतो, आणि प्रकरण कचेरीत जाते. गोगोलने दोघांचे अर्ज कथेतच दिले आहेत. ज्यांचे आयुष्य असे अर्ज वाचण्यात गेले, त्यांना या भाषेची ओळख पटवून देण्याची गरज नाही: विशेषणांची रास मोठी, वस्तुस्थिती चिमूटभर. पुढे त्यांतील एक अर्ज डुकरीणच पळविते! अनेक वर्षांनी निवेदक त्या गावी येतो, तेव्हा दोघेही म्हातारे झालेले असतात आणि निकाल आता आपल्याच बाजूने लागणार अशी दोघांचीही खात्री असते.

दुसरी कथा गॉटफ्रीड केलर या स्विस लेखकाची, ‘खेड्यातील रोमिओ आणि ज्युलिएट’. ती 1856 साली प्रसिद्ध झाली. मान्झ आणि मार्टी हे दोन कष्टाळू शेतकरी. दोघांच्या शेतांमध्ये एक पडीक शेत. त्याचा खरा वारस एक भटका सारंगीवाला आहे. त्याच्या चेहऱ्यावरून दोघांना त्याची ओळख पटते; पण त्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, आणि साक्ष द्यायला दोघेही तयार नाहीत. दर वर्षी नांगरताना दोघेही आपापल्या बाजूने एकेक तास आत सरकतात. दुसऱ्याची चोरी प्रत्येकाला दिसते; कोणी बोलत नाही. पुढे शेताचा लिलाव होतो, मान्झ ते घेतो, आणि मार्टीने लाटलेल्या तिरक्या तुकड्यावरून खटला सुरू होतो. त्यात दोन्ही घरे धुळीला मिळतात. त्यांची मुले सालि आणि व्रेंचेन प्रेमात पडतात आणि अखेर नदीत जीव देतात.

दोहोंत श्रेष्ठ कोणती? गोगोलचा विनोद अतुलनीय आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या कथेत दोघेही सारखेच हास्यास्पद आहेत. शेजाऱ्याचा छळ निमूटपणे सोसणारा माणूस तिच्यात कोठेच नाही. त्यामुळे असे भांडण म्हणजे दोन मूर्खांचा खेळ, अशी समजूत होते. आणि पीडिताच्या अर्जावर ‘उभयपक्षी कलह’ असा शेरा मारून मोकळे होणाऱ्या अधिकाऱ्याला ती फार सोयीची आहे. केलर ही सोय ठेवीत नाही. दोघांच्या वैराखाली दोघांनी मिळून केलेला एक जुना अन्याय त्याने दाखविला आहे, आणि तो ज्याच्यावर झाला त्याच्याजवळ कागद नाही. कथेचा उत्तरार्ध प्रेमकथेकडे इतका झुकतो की तो सारंगीवाला आणि ते शेत काहीसे मागे पडतात, हा तिचा दोष मान्य केला पाहिजे. तरीही, भांडण खटल्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होत नाही, ते नांगराच्या पहिल्या चोरट्या तासापासून सुरू होते, हे तिचे निदान अचूक आहे.

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या वाचकाला ही कथा दुहेरी जवळची वाटेल. गावी त्याचे घर बंद असते, शेत दुसऱ्याच्या हाती असते, आणि बांध दर साली वीतभर सरकत असतो. तेथे तो केलरचा गैरहजर मालक असतो. इकडे कचेरीत त्याच्याच मेजावर कोणा दाखला नसलेल्याचा अर्ज पडलेला असतो. पहिल्या नात्याने जी चीड येते, ती दुसऱ्या नात्याने काम करताना स्मरणात राहिली, तर ही कथा वाचल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.