हिरकणीचे पाय

आमच्या श्रीगोंदा तालुक्यातला किल्ला म्हणजे पेडगावचा. भीमेकाठचा भुईकोट. तिथं धावून तयारी केली आणि सिंहगड-राजगड-तोरणा वाटेवरच्या शर्यतीत उतरलो. दम चढावर लागला, पण मागं पडलो ते उतारावर. घसरड्या मुरमावर पाय कुठं टाकायचा तेच कळेना. त्या भागातली पोरं बाजूनं सुसाट उतरत होती.

घरी येऊन ‘हिरकणी’ (२०१९) पुन्हा पाहिला. दिग्दर्शन प्रसाद ओक यांचं. सोनाली कुलकर्णी जीव तोडून काम करते. पण इथं रायगडाचा कडा उतरतं ते आईचं काळीज; पाय फक्त रक्ताळण्यापुरते. ही दंतकथा आपणही अशीच सांगतो. दूध विकायला गडावर ये-जा करणाऱ्या बाईला दगड, माती, तोल यांची जाण असणार, हे विसरतो. इंग्लंडातल्या फेल रनिंगमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या धावशर्यतीत, वाट हेरणं हे कसबच मानतात.

घरी तान्हं बाळ असलं की जीव कुठल्याही आईचा तुटतो. कडा मात्र हिरकणी उतरली. तो फरक सरावाचा, आणि चित्रपटात नेमका तोच दिसत नाही.