सर्च बॉक्समध्ये आधीच टाईप केलेलं उत्तर

लिटरेचर रिव्ह्यूसाठी कीवर्ड निवडणं हे कारकुनी काम आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर कीटकांवरचा एक गाजलेला पेपर जरूर वाचा. २०१९ मध्ये 'बायोलॉजिकल कन्झर्व्हेशन' या जर्नलमध्ये सांचेझ-बायो आणि वाइकहाउस या दोघांनी जगभरच्या कीटकांच्या घटीचा रिव्ह्यू छापला. ७३ अभ्यास एकत्र करून त्यांनी म्हटलं की येत्या काही दशकांत जगातल्या ४० टक्के कीटकप्रजाती नामशेष होऊ शकतात. बातमी जगभर गेली.

आता मेथड्सचं पान उघडा. वेब ऑफ सायन्सवर त्यांनी तीन शब्द एकत्र शोधले: इन्सेक्ट, सर्व्हे आणि डिक्लाइन, म्हणजे घट. तिसऱ्या शब्दाशी जरा थांबा. जिथे कीटक वाढले किंवा होते तितकेच राहिले, त्या पेपरमध्ये हा शब्द असण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणजे असे बरेचसे पेपर जाळ्यात यायच्या आधीच निसटले. गावात किती लोक आजारी आहेत हे दवाखान्याच्या रांगेत उभं राहून मोजण्यासारखं झालं हे! पुढचं गणित कितीही काटेकोर केलं तरी ही चूक निघत नाही. कोमोनेन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं.

दुसरी अडचण भूगोलाची. ७३ पैकी बहुतेक अभ्यास युरोप आणि उत्तर अमेरिकेतले, पण शीर्षकात मात्र 'जगभर'. सह्याद्रीतल्या मुंग्यांबद्दल या आकड्यावरून काहीही म्हणता येत नाही, हे तुमच्या प्रपोजलच्या पहिल्या परिच्छेदात तो ४० टक्क्यांचा आकडा टाकण्याआधी लक्षात घ्या. (तो टाकायचा मोह होतोच. आकडा दिसायला भारदस्त आहे.)

मग घट खोटी आहे का? अजिबात नाही, आणि इथेच टीका करणारेही घसरतात. मूळ रिव्ह्यू सदोष आहे म्हणजे कीटक सुखरूप आहेत, असं होत नाही.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात १९०५ पासून कीटकप्रेमींची एक संस्था आहे. तिथल्या लोकांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित ठिकाणी तंबूसारखे मॅलेझ सापळे लावून उडणारे कीटक गोळा केले आणि त्यांचं वजन केलं. २०१७ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये ते विश्लेषण आलं: २७ वर्षांत वजनात ७५ टक्क्यांहून जास्त घट. यातही खोट आहे. ६३ पैकी ३७ ठिकाणी फक्त एकाच वर्षी सापळे लागले होते, त्यामुळे घट बरीचशी वेगवेगळ्या ठिकाणांची तुलना करून, मॉडेलमधून काढावी लागली. पण लेखकांनी हे लपवलेलं नाही, आणि सापळे लावणाऱ्यांनी काही 'घट शोधूया' म्हणून सुरुवात केली नव्हती. माझ्या मते हा पेपर वरच्या रिव्ह्यूपेक्षा कितीतरी भक्कम आहे, जरी त्याचा दावा फक्त जर्मनीतल्या काही जागांपुरता असला तरी.

२०२० मध्ये व्हान क्लिंक आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये १६६ दीर्घकालीन सर्वेक्षणं एकत्र केली. जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होताना दिसले, गोड्या पाण्यातले सुमारे ११ टक्क्यांनी वाढताना. यावरही आक्षेप आले, विशेषतः पाण्यातल्या वाढीवर. पाण्यात नुसती डासांची संख्या वाढली तरी आकडा वर जातो, तळं सुधारलं असं त्यातून ठरत नाही.

हे तीन पेपर शेजारी ठेवून वाचा, पण ॲबस्ट्रॅक्ट झाकून. आधी मेथड्स वाचा आणि प्रत्येकासाठी कागदावर लिहा: 'कीटक वाढले' हे उत्तर या पद्धतीत सापडू शकलं असतं का? मग हाच प्रश्न तुमच्या स्वतःच्या कीवर्डच्या यादीला विचारा, गाईडला दाखवायच्या आधी.