'अप्पमाद' : एका शब्दाचा अर्थविचार

महापरिनिब्बानसुत्तात तथागतांच्या अखेरच्या उपदेशात 'अप्पमादेन' हा शब्द आला आहे. मराठी अनुवादांत व प्रवचनांत त्यासाठी 'उद्योगीपणाने', 'परिश्रमपूर्वक' किंवा 'अप्रमादाने' असे पर्याय योजिलेले आढळतात. यांपैकी पहिले दोन अपुरे, तर तिसरा दिशाभूल करणारा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम तिसऱ्याचा विचार करू. मराठीत 'प्रमाद' म्हणजे हातून घडलेली चूक. 'मुद्रणप्रमाद' हा शब्द आपण याच अर्थाने वापरतो. साहजिकच 'अप्रमादाने' म्हणजे 'चूक न करता' असा वाचकाचा समज होतो. पालीत मात्र 'पमाद' ही चित्ताची अवस्था आहे. शब्दाच्या मुळाशी 'मद्' हा धातू असून मद, मद्य, मत्त हे शब्द त्याच कुळातले होत. धुंदीत भान सुटणे म्हणजे पमाद. याचा पुरावा शोधण्यास ग्रंथालयात जावयास नको. पाचव्या शीलातील 'पमादट्ठान' हा शब्द आपण विहारात नित्य उच्चारतो. मद्याला तेथे पमादाचे स्थान म्हटले आहे.

आता 'उद्योग'. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अनुवादात येथे 'डिलिजन्स' हा शब्द वापरला. लॅटिन मुळात त्याचा अर्थ आवडीने निवडणे, जिव्हाळा बाळगणे असा होता. पुढे तो नेटाने काम करणे असा झाला. हाच उत्तरकालीन अर्थ मराठीत उतरला असावा. परंतु धम्मपदाच्या अप्पमादवग्गात 12 गाथा आहेत आणि त्यांतील 24 व 25 या क्रमांकांच्या गाथांत 'उट्ठान' म्हणजे उद्योग आणि अप्पमाद यांचा उल्लेख शेजारी शेजारी येतो. दोहोंचा अर्थ एकच असता तर दोन शब्द कशासाठी? अट्ठकथाकारांनी अप्पमादाचा अर्थ 'सतीचा अविप्पवास', म्हणजे स्मृतीपासून न ढळणे, असा दिला आहे. श्रम करणे आणि भान राखणे या दोन भिन्न गोष्टी होत.

हा भेद आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही पाहता येतो. दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखानुसार गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण ठेवण्यात आले. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज होते. वर्षाचे व्याज 240 होते. वर्षावासातील 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 दिले की हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत द्यावयाचे नव्हते, केवळ व्याज उपभोगावयाचे होते. लेखात अप्पमाद हा शब्द नाही. त्याचे उदाहरण मात्र आहे. माग चालविणे हा विणकरांचा उद्योग. दुसऱ्याची ठेव अभंग राखून वर्षामागून वर्ष तिचे व्याज पोचते करावयाचे, तर त्यास अप्पमादच हवा.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या कष्टच आले, त्याला 'कष्ट करा' हाच तथागतांचा अखेरचा संदेश म्हणून सांगणे अर्थदृष्ट्या चुकीचे आहेच. शिवाय ते अन्यायाचेही आहे. त्यातून दैन्याचे कारण आळस आहे असे सूचित होते. उलट अप्पमादाचा उपदेश राजालाही लागू आहे. संयुत्तनिकायात पसेनदि राजाला तथागत तोच सांगतात. सर्व प्राण्यांची पावले हत्तीच्या पावलात मावतात, तशी सारी हिते अप्पमादात मावतात, ही उपमा तेथील आहे. सत्तेच्या मदात असलेल्याला तो शब्द अधिकच लागतो.

'सावधपणा' हा पर्याय त्यातल्या त्यात जवळचा. परंतु त्यात संकटाची चाहूल अभिप्रेत असते, आणि अप्पमाद तर संकट नसतानाही हवा. म्हणून अनुवादकांनी 'अप्पमाद' हा मूळ शब्दच ठेवावा आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी 'अखंड जागरूकता' असे स्पष्टीकरण द्यावे. पाचव्या शीलामुळे तो आपल्या कानाला परका नाही.