खांब मोजणारी समीक्षा

इंग्लंडमधील डर्बिशायर परगण्यातल्या केडलस्टन हॉल या हवेलीची गणना तेथील श्रेष्ठ वास्तूंमध्ये होते. नॅथनिएल कर्झन या जमीनदाराने १७५९ मध्ये ती बांधायला घेतली. ब्रेटिंगहॅम आणि पेन यांच्यानंतर रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पज्ञाने तिला आजचे रूप दिले. मुख्य दालनात अलाबास्टर दगडाचे २० खांब आहेत. दक्षिणेची दर्शनी बाजू रोममधील कॉन्स्टन्टाइनच्या विजयकमानीवर बेतलेली आहे. तिची प्रमाणबद्धता मलाही मान्य आहे.

परंतु खांब मोजणारी समीक्षा नकाशा वाचत नाही. मधली भव्य इमारत पाहुण्यांसाठी आणि दिमाखासाठी. तिच्या दोन बाजूंना वक्र मार्गिकांनी जोडलेल्या दोन लहान इमारती. एकीत मालकाचे कुटुंब, दुसरीत स्वयंपाकघर. समोरून पाहताना दोन्ही जुळ्या भासतात. म्हणजे समतोल साधला तो दगडांत. राबणारा आणि खाणारा यांच्यात नव्हे. हवेलीला मोकळा परिसर हवा म्हणून जुने गावच तेथून हलवण्यात आले. चर्च मात्र जागेवर राहिले.

हे वाचून आमचे काही मित्र लगेच म्हणतील, ‘पाहा, गावकूस तिथेही होतेच!’ ही घाई मला धोक्याची वाटते. तिथला नोकर नजरेआड ठेवला गेला, तरी त्याच्या हातचे अन्न मालक खात होता. आमच्या आजोबांनी वाड्याची लाकडे फोडली, पण त्या लाकडांवर पेटलेल्या चुलीपाशी त्यांची सावलीही चालली नाही. वर्गव्यवस्था माणसाला लपवते. जातिव्यवस्था त्याचा स्पर्शच नाकारते. हा फरक पुसणारे आमच्या अनुभवाचीच धार बोथट करतात.

केडलस्टनचा आराखडा पुढे आपल्या देशातही आला. तो समोर ठेवून चार्ल्स वायटने १७९९ ते १८०३ या काळात कोलकात्याचे गव्हर्नमेंट हाउस उभारले. केडलस्टनमध्ये जन्मलेला लॉर्ड कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून त्याच वास्तूत राहायला आला. एका जमीनदाराच्या घराचा साचा साम्राज्याच्या सत्तेलाही सोयीचा ठरला, तो उगाच नव्हे. दोघांनाही दुरून दिसायचे होते आणि राबणाऱ्यांना दूर ठेवायचे होते.

सुंदर वास्तू पाडा, असे मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच, की वास्तूवर लिहिणाऱ्याने आधी विचारावे: स्वयंपाकघर कुठे होते, तिथे कोण राबत होते, आणि कोणाला तिथेही प्रवेश नव्हता?